संशोधनाच्या रकान्यात "विनोद" लिहू नका (माझा अनुभव)

आधीच सांगते, लेख लिहायला मला दोन संध्याकाळी लागल्या आणि एक जुनी हेडलाइन डोळ्यांनी बघायला तीन आठवडे. त्यामुळे हा अनुभव बराचसा त्या तीन आठवड्यांचाच आहे.

झालं असं की मैत्रिणीच्या छोट्याशा दिवाळी अंकासाठी मी "जुन्या राजकीय बातम्या, पण उलट्या घडल्या असत्या तर" असं चार पानं देते म्हणून बसले. पहिलाच विषय सुचला १७ एप्रिल १९९९चा. वाजपेयी सरकार एका मताने पडलं, २६९ विरुद्ध २७०. गिरिधर गमांग तेव्हाच्या ओरिसाचे मुख्यमंत्री झाले होते पण खासदारकी सोडलेली नव्हती, ते आले आणि विरोधात मत देऊन गेले. मी लगेच लिहिलं, "भुवनेश्वरचं विमान लेट, सरकार वाचलं". एकदम खूश. रात्री भांडी आवरताना डोक्यात आकडेमोड झाली की अरे, एक विरोधी मत कमी झालं तर २६९-२६९, म्हणजे सरकार वाचत नाही, लटकतं! आणि राज्यघटनेच्या कलम १०० प्रमाणे लोकसभा अध्यक्ष मत देतात ते फक्त बरोबरी झाली तरच, आणि अध्यक्ष होते बालयोगी, तेलुगू देसमचे, म्हणजे सरकारला बाहेरून पाठिंबा देणाऱ्या पक्षाचे. मग हेडलाइन बदलली: "विमान लेट, सरकार लटकलं, बालयोगींनी आधी चहा मागवला". ही पहिलीपेक्षा बरी आहे की नाही? म्हणून सांगते, उलटा इतिहास लिहिताना एकच गोष्ट बदलायची आणि पुढचा हिशोब मात्र खरा करायचा. सगळंच बदललं तर ती नुसती थाप होते.

आता खरी हेडलाइन कशाला बघायची? तर त्या वेळच्या पेपरची चाल पकडायला. शब्द कुठले, किती कॉलम, खाली उपशीर्षक कसं, त्याशिवाय उलटी हेडलाइन आजची वाटते. इंटरनेटवर १९९९चा मराठी पेपर मला काही सापडला नाही, म्हणून गेले एका मोठ्या जुन्या ग्रंथालयात. नाव नको.

फॉर्म मिळाला. नाव, पत्ता, वगैरे भरलं. मग रकाना आला, "संशोधनाचा विषय". मी प्रामाणिक बाई, लिहिलं "विनोदी लेखन".

काउंटरवरच्या गृहस्थांनी चष्मा कपाळावर चढवला. "मॅडम, विनोदाला जुने पेपर कशाला लागतात?"

मी सांगायला लागले तर मधेच, "पीएचडी का?"

"नाही."

"मग गाइडचं पत्र आणा."

"अहो पीएचडीच नाही तर गाइड कुठून आणू?"

"मग कॉलेजचं आणा."

"कॉलेज सोडून वीस वर्षं झाली हो."

"मग अवघड आहे", असं म्हणून त्यांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला, आणि मागच्या माणसाला "या" म्हणाले.

दुसऱ्या खेपेला संपादकाचं पत्र घेऊन गेले. मैत्रिणीच्या अंकाला लेटरहेडच नव्हतं, ते आम्ही आदल्या रात्री बनवलं. पत्र उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "गोल शिक्का नाही." तो करून घेण्यात चार दिवस गेले, गेले तर सही करणारे साहेब रजेवर. पुढच्या आठवड्यात या. गेले. साहेब हजर, पण जेवायला. दीड तास बाकावर बसले, समोरच्या पाटीवर "शांतता राखा" आणि तिच्याखाली दोन कर्मचारी क्रिकेटवर भांडतायत. एवढ्या वेळात विश्वासदर्शक ठराव मांडून, चर्चा होऊन, सरकार पडलं असतं.

साहेब आले. फॉर्म बघितला. काही न विचारता पेन काढून "विनोदी लेखन" वर रेघ मारली, वर लिहिलं "राजकीय इतिहास (संकीर्ण)" आणि सही ठोकली. वीस सेकंद! मला हसावं की रडावं कळेना. तर तुम्ही गेलात तर पहिल्याच दिवशी हेच लिहा, कंसातल्या संकीर्णसकट.

आणि हो, पेन्सिल न्या, बांधीव फायलींजवळ शाईचं पेन चालत नाही, मला ते आत गेल्यावर कळलं. मोबाइलने फोटो नाही, जीर्ण कागदाची झेरॉक्स नाही, सगळं हाताने उतरवायचं. आणि दिवसाला एकच खंड.

तो खंड आला. पंधरा दिवसांचे अंक एकत्र शिवलेले, पानं कडेला तपकिरी, हात लावला की तुकडा हातात. १७ तारखेचा अंक काढला, त्यात अर्थातच मतदान व्हायचं होतं. घटनेची बातमी दुसऱ्या दिवशीच्या पेपरात येते हे शेंबड्या पोराला कळतं, मला पान उघडल्यावर कळलं. (घटना महिनाअखेरची असेल तर पुढचा खंड मागा, नाहीतर एक दिवस फुकट.) उलटलं १८चं पान, आणि तिथे मथळ्याच्या जागी चौकोनी खिडकी. कुणीतरी ब्लेडने बातमी कापून घरी नेलेली, आणि त्या खिडकीतून तिसऱ्या पानावरची साड्यांच्या सेलची जाहिरात दिसत होती. दुसऱ्या पेपरचा खंड मागितला तर उत्तर ठरलेलं, उद्या या.

उद्या गेले, मिळालं. सहा मिनिटांचं काम.

बाकीचं भरभर झालं. १९९६ला बंगालचे कम्युनिस्ट मुख्यमंत्री ज्योती बसू यांना त्यांच्याच पक्षाने पंतप्रधान होऊ दिलं नाही, तिथे मी "पंतप्रधानांविरुद्ध बंगाल बंद, पंतप्रधानांचा बंदला पाठिंबा" केलं. काही ठिकाणी मात्र आपल्याला कामच उरत नाही. २३ नोव्हेंबर २०१९ला पेपरात उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार, आणि तो पेपर चहाबरोबर वाचून होईपर्यंत राजभवनात फडणवीस आणि अजित पवारांची शपथ झालेली. २६ला त्यांचा राजीनामा, २८ला उद्धव ठाकरेंची शपथ. म्हणजे पेपर पाच दिवस आधी बरोबर होता! तिकडे अमेरिकेत १९४८च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत शिकागोच्या पेपरने संपामुळे लवकर छपाई करायची म्हणून निकालाआधीच ड्युईला जिंकवून टाकलं आणि निवडून आलेल्या ट्रुमननी तोच अंक हसत हसत फोटोत धरला. याच्यापुढे मी काय लिहिणार?

एक मोठी चूक केली ती सांगायची राहिली. बालयोगींच्या चहावाल्या हेडलाइनचं जुन्या पिवळ्या कागदासारखं चित्र बनवून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. तीन दिवसांनी मामांनी मलाच फॉरवर्ड केलं, खाली लिहिलेलं, "बघ, तेव्हाचे पेपर असं खरं छापायचे." तेव्हापासून चित्रावर आडवं मोठं "काल्पनिक" टाकते.

ग्रंथालयात भरलेली अनामत रक्कम अजून आणलेली नाही. त्याला वेगळा अर्ज आहे, आणि त्यात "कारण" असा रकाना आहे म्हणे.