आमची वाटचाल : हिकरीचा आस

आमचं वर्कशॉप डेट्रॉइटजवळ आहे. चौघं माणसं, दोन लेथ, एक बँड-सॉ आणि मागं हिकरी या चिवट अमेरिकन लाकडाच्या ओंडक्यांचा ढीग. जुन्या मोटारींचे लाकडी भाग आम्ही नव्यानं करून देतो. चाकांचे आरे, बॉडीचे सांगाडे हे रोजचं काम. पण धंद्यानं बाळसं धरलं ते ब्रश नावाच्या जुन्या मोटारीच्या आसावर, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यावर.

मी मूळचा कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात आमचे आण्णा तिथल्या फाउंड्रीवाल्यांना सागवानी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणारे लाकडी नमुने, करून द्यायचे. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, तेवढी वाढ लाकडात आधीच धरायची, हे मी शाळेत असतानाच शिकलो. इकडं आलो तोही पॅटर्नमेकर म्हणूनच. पुढं हाताचं काम आटलं आणि नोकरी गेली. त्याच दिवसांत एका गृहस्थांनी तडकलेला आस आणून दाखवला. लाकडाचा, आणि तोही मोटारीचा!

ब्रश रनअबाउट ही इथलीच गाडी. अ‍ॅलन्सन ब्रश यांची ही कंपनी १९०७ मध्ये सुरू झाली, कारखाना हायलंड पार्कला. एका सिलिंडरचं इंजिन, दोघांची बैठक. चौकटीच्या उभ्या बाजू लाकडाच्या, आडव्या पट्ट्या लोखंडी. आस आणि चाकं ओक, हिकरी किंवा मेपलची. स्प्रिंगा दाबल्या न जाता ताणल्या जायच्या. इंजिन नेहमीच्या उलट दिशेनं फिरायचं, कारण तेव्हा गाडी सुरू करायला हँडल मारताना झटका बसून लोकांचे हात मोडत. उजव्या हातानं फिरवणाऱ्याला ही दिशा कमी धोक्याची. ज्यानं इतका विचार केला त्यानं आस निव्वळ स्वस्त पडतो म्हणून लाकडाचा केला असेल, हे मला पटत नाही. हिकरी वाकते आणि परत सरळ होते. कुऱ्हाडीचे दांडे उगाच तिचे करत नाहीत.

मात्र ओंडका पाचर मारून फोडावा लागतो, म्हणजे लाकडाच्या तंतूंची रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहते. करवतीनं चिरलं की रेषा मध्येच कापली जाते आणि आस तिथंच तडकतो. हे कळायला आमचे तीन आस वाया गेले. चौथा मापात चुकला. अमेरिकेच्या दक्षिणेत घोडागाड्यांच्या दोन चाकोऱ्यांमधलं अंतर ६० इंच होतं, इतरत्र ५६. दक्षिणेसाठी ब्रश लांब आसाची गाडी देत असे. आमच्या गिऱ्हाइकाची गाडी नेमकी तीच, आणि मी न विचारता ५६ धरले. दुसरा आस फुकट करून दिला. तेव्हापासून चाकोरी विचारल्याशिवाय लाकडाला हात लावत नाही.

ब्रश फार टिकली नाही. १९१० मध्ये बेंजामिन ब्रिस्को यांनी बऱ्याच कंपन्या एकत्र करून युनायटेड स्टेट्स मोटर कंपनी उभी केली, त्यात ब्रशही गेली. १९१२ मध्ये हा डोलारा कोसळला. त्यातली मॅक्सवेल कंपनी तेवढी तगली, तिच्यातून पुढं क्रायस्लर झाली. ब्रश मात्र संपली. त्याच १९१२ मध्ये फ्रान्सिस बर्टल्स आणि सिड फर्ग्युसन एका ब्रशमधून फ्रीमँटलहून सिडनीला पोचले होते, सगळा ऑस्ट्रेलिया पश्चिमेकडून पूर्वेकडं ओलांडून. लाकडी आसावर. वर्कशॉपमध्ये कुणी आस हातात घेऊन शंकेनं बघायला लागलं, की मी त्यांना हा प्रवास सांगतो.

सध्या बाकावर दोन आस आहेत, एक ५६ चा, एक ६० चा. टोकांचं शेवटचं काम मी आण्णांच्या पटाशीनंच करतो.