निळ्या सॉकेटसाठी जुना पीसी

मंगळवार पेठेत आमच्या माडीवर एक पेंटियम ४ अजून चालू आहे. घरचे दर दिवाळीला तो भंगारात घालायला निघतात आणि मी आडवा येतो. त्याच्या पाठीमागं निळं सॉकेट आहे, लाइन-इनचं, म्हणजे कॅसेट डेकसारख्या यंत्राचा आवाज पीसीत घ्यायचं. हल्लीच्या लॅपटॉपला हेडफोन आणि माइक मिळून एकच भोक. त्यात कॅसेट डेकची वायर खुपसली की आवाज फाटतो, तोही एकाच बाजूचा.

गल्लीतल्या अण्णांनी भजनी मंडळाच्या कॅसेटी पिशवीतनं आणून दिल्या. "बुरशी धरायच्या आत कायतरी कर बाबा." इथला पावसाळा बघता म्हातारा चुकीचं बोलत नव्हता, दोन-तीन फितींवर पांढरं दिसतच होतं.

मशिनवर डेबियन ७ आहे, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार; त्याचा गाभा, म्हणजे कर्नल, ३.२. जुन्या लिनक्सवर आवाज येईना म्हटलं की लोक आधी ड्रायव्हर शोधत सुटतात. २००३ च्या शेवटी आलेल्या २.६ कर्नलपासून अल्सा, म्हणजे लिनक्सची आवाज सांभाळणारी यंत्रणा, कर्नलमध्येच आहे. साध्या कार्डांचे ड्रायव्हर आपोआप चढतात. माझ्याकडं साउंड कार्डं दोन: बोर्डावरचं इंटेलचं एसी-९७ आणि पीसीआय स्लॉटमधलं क्रिएटिव्हचं, एन्सोनिक चिपवालं. प्रोक फोल्डरातल्या असाउंडमध्ये 'कार्ड्स' नावाची फाइल असते, ती उघडली तर दोन्ही हजर. ड्रायव्हरचा प्रश्न तिथंच मिटला.

भानगड होती नंबरांची. आज क्रिएटिव्ह शून्य नंबरला, उद्या रीस्टार्ट केलं की एक नंबरला. जे आधी चढेल ते शून्य, आणि प्रोग्रॅम डोळे झाकून शून्यालाच विचारतात. ड्रायव्हर चढवणाऱ्या मॉडप्रोबच्या कॉन्फिग फाइलीत दोन ओळी घातल्या: एन्सोनिकच्या मॉड्यूलला, म्हणजे ड्रायव्हरला, इंडेक्स शून्य, इंटेल८एक्स०ला, म्हणजे इंटेलच्या ड्रायव्हरला, इंडेक्स एक. तेव्हापासून दोघं आपापल्या जागेवर.

खरा वेळ खाल्ला तो आवाज कमी-जास्त करायच्या अल्सामिक्सर प्रोग्रॅमनं. टर्मिनलमध्ये उघडलं की उभ्या पट्ट्या दिसतात. पट्टीखाली दोन 'एम' असले तर ती म्यूट. एम दाबला की तिथं दोन शून्यं येतात. ड्रायव्हर नव्यानं चढला की अल्सा सगळं म्यूटच ठेवतं. आता गंमत बघा: लाइनची पट्टी उघडली की डेकवरचा अभंग स्पीकरमधून झकास ऐकू येतो, आणि रेकॉर्ड केलेली फाइल मात्र ठार गप्प! ऐकायची वाट वेगळी, रेकॉर्डिंगची वेगळी. एफ४ दाबून कॅप्चरच्या पानावर जायचं, लाइनवर थांबून स्पेसबार दाबायचा. लाल अक्षरात कॅप्चर उमटलं, की तिथनं पुढं आवाज फाइलीत जातो. त्याच पानावर कॅप्चरची पट्टी मात्र जपून चढवायची. टाळांचा कडकडाट सुरू झाला की पहिला तोच फाटतो. सगळं मनासारखं जमलं की alsactl store ही कमांड मारून सेटिंग जपून ठेवायचं.

रेकॉर्डिंगला अल्साचाच एरेकॉर्ड हा छोटा प्रोग्रॅम पुरतो. ४८,००० हर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ. एसी-९७चा मूळ दर ४८,००० च, म्हणून उगाच ४४,१०० च्या फंदात पडलो नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटला साधारण ६९० एमबी लागतात. मध्ये हमिंग यायला लागलं, तर डेक आणि पीसी विजेच्या एकाच बोर्डावर लावले, बरंच कमी झालं.

पहिली कॅसेट पेन ड्राइव्हवर घालून अण्णांना दिली. ऐकून म्हणाले, "झ्याक झालंय. तेवढा टाळ जरा बारीक कर, माझा आवाज दबतोय."

आता सगळं मंडळ एकाच माइकपुढं बसलेलं, आणि टाळकरी अगदी माइकच्या तोंडाशी. टाळ बारीक केला तर अण्णाही बारीक होणार, हे त्यांना अजून पटलेलं नाही.