आमची वाटचाल : डब्याची मागची बाजू

बेळगावच्या उद्यमबागेत दुकान उघडलं तेव्हा तीनच कामं यायची : यामाहा आरएक्स शंभरचं बोअर, घसरणारा क्लच आणि ड्रेन बोल्टचे गेलेले आटे. ऑइल कुठलं, हे गिऱ्हाईक विचारत नसे. ‘घाला की चांगलं बघून’ एवढ्यावर भागायचं. आज खानापूरपासून निपाणीपर्यंत डर्ट बाइकचं (रानवाटेच्या गाडीचं) ऑइल म्हटलं की आमचं दुकान सांगतात, आणि हे नाव आम्ही डब्याच्या मागची बारीक अक्षरं वाचून कमावलं आहे.

आरएक्स १९८५ ते १९९६ या काळातली. टू-स्ट्रोक असल्यामुळे ऑइलचे दोन हिशेब. जळणारं टू-टी वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं. टू-टीच्या डब्यावर जासो (जपानी मानक) एफसी किंवा एफडी हवं. एफडीनं सायलेन्सरमध्ये काजळी कमी धरते. ऑइल पंप काढून टू-टी पेट्रोलमध्ये मिसळणाऱ्यांनी १:४० साठी लिटरला २५ मिली, १:५० साठी २० मिली घालावं, तेही सिरिंजनं मोजून. झाकणाच्या मापावर भरवसा ठेवून पिस्टन जाम झालेले बोअर आम्ही पोतंभर पाहिले आहेत. गिअरबॉक्समध्ये मात्र क्लच ऑइलातच बुडालेला असतो, तिथे ओल्या क्लचचंच ऑइल लागतं. ही गोष्ट लोक विसरतात, आणि पुढची सगळी कथा तिच्यावरच फिरते.

सुरुवातीचे आमचे भागीदार म्हणजे शेजारचे लेथवाले मामा. आटे गेलेलं क्रँककेस (इंजिनचं बाहेरचं खोकं) आणलं की ते भोक मोठं करून बुश बसवायचे, आणि तो बुश इंजिनच्या आयुष्यभर हलायचा नाही. त्यांनीच ड्रेन बोल्टच्या टोकाला भोक पाडून त्यात लोहचुंबक बसवायला सुरुवात केली. तो बोल्ट म्हणजे इंजिनचा रक्ततपास. चुंबकावर करडी, लोण्यासारखी मऊ पेस्ट आली तर घाबरायचं कारण नाही, गिअर आणि क्लचची ती रोजची झीज. नखात टोचणारे चकचकीत तुकडे आले तर इंजिन उघडा. आणि चुंबकाला न चिकटणारी पिवळी चमक ऑइलात दिसली तर इंजिनमधला कुठला तरी पितळी बुश जातो आहे, असं समजा.

मग फोर-स्ट्रोक आल्या. हिरोची इम्पल्स २०११ मध्ये, रॉयल एनफील्डची हिमालयन २०१६ मध्ये, हिरोची एक्सपल्स २०१९ मध्ये. सोबत काही हौशी मंडळींच्या बाहेरून आणलेल्या २५० आणि ४५० सीसीच्या गाड्या. या गाड्यांत बहुधा एकच ऑइल तिन्ही कामं करतं : इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच. (जुन्या होंडा सीआरएफ ४५० आरमध्ये २०१६ पर्यंत इंजिनचं आणि गिअरचं ऑइल वेगळं होतं, तसली गाडी आली तर दोन्ही बोल्ट ओळखून मगच पाना लावा.) मधली पाच-सहा वर्षं नीट गेली. त्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

दुकान बसायची वेळ आली ती त्यानंतरच्या उन्हाळ्यात.

मिनरल (नेहमीचं खनिज तेलाचं) ऑइल सोडून आम्ही सिंथेटिककडे वळलो होतो आणि त्यामागे साधा हिशेब होता. जांबोटीच्या रानात गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, अर्ध्या क्लचवर, वारा न लागता तास-तास चढते. आत ऑइल जेमतेम लिटर-दीड लिटर. रस्त्यावरच्या गाडीपेक्षा ते जास्त तापतं, शिवाय गिअरचे दात त्याला चिरडतात. मल्टिग्रेड ऑइल गरम झाल्यावर पातळ पडू नये म्हणून त्यात पॉलिमरचे लांब रेणू घातलेले असतात. गिअर हेच रेणू तोडतात. १०० अंशाला ४० ग्रेडची चिकटाई १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या (चिकटाईचं माप) मध्ये असायला हवी. चिरडलेलं ऑइल त्याखाली येतं, म्हणजे ४० चं ३० होतं. चांगल्या सिंथेटिकच्या मूळ तेलालाच उष्णता सोसते, त्यात पॉलिमर कमी लागतो, म्हणून ते टिकतं.

वळलो आणि दोन महिन्यांत गाड्या परत येऊ लागल्या. चौथ्या गिअरमध्ये एकदम ॲक्सिलरेटर दिला की आवाज चढतो, गाडी चढत नाही. गरम झाल्यावर न्यूट्रल सापडत नाही. क्लचच्या प्लेटी उघडल्या तर काचेसारख्या गुळगुळीत. समोरच्या दुकानदाराला आयतंच सापडलं. ‘सिंथेटिकनं क्लच जळतो’ हे एकच वाक्य त्यांनी चहाच्या टपरीपासून बैलहोंगलच्या बाजारापर्यंत पोचवलं. स्वतः ते ड्रममधलं सुटं ऑइल विकत होते, ज्यावर मागची बाजूच नव्हती. आजही हे वाक्य नव्या गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकू येतं, आणि आम्हाला ते लागतं.

आम्ही दोष शोधायला बसलो. आधी केबल. लिव्हरच्या टोकाशी बहुतेक गाड्यांना १० ते १५ मिलिमीटर ढिलाई लागते. ती नसेल तर क्लच कायम अर्धा दाबलेला राहतो आणि कुठल्याही ऑइलात घसरतो. मग प्लेटींची जाडी व्हर्नियरनं, स्टील प्लेटींचा बाक काचेवर ठेवून फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पात्यांनी), मग स्प्रिंगची लांबी. अशा तपासणीत काही गाड्यांचे दोष निघाले, त्यांचा ऑइलाशी संबंध नव्हता. काही गिऱ्हाइकांनी वरून भरताना कारचं ५डब्ल्यू-३० ओतलं होतं. कारच्या अशा ऑइलात इंधन वाचावं म्हणून घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. कारचा क्लच कोरडा, त्याला फरक पडत नाही. आपल्या क्लचची पकड घर्षणावरच उभी, तिथे ती द्रव्यं प्लेटीवर बसली की संपलं. डब्यावरच्या एपीआयच्या (अमेरिकी तेल संस्थेच्या) गोल खुणेत खालच्या अर्ध्यात ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ किंवा ‘एनर्जी कन्झर्व्हिंग’ लिहिलं असेल तर तो डबा दुचाकीपासून लांब ठेवा.

उरलेल्या गाड्यांचं कारण सर्वांत वाईट निघालं. एका घाऊक व्यापाऱ्याकडून घेतलेल्या खोक्यांतले डबे पुन्हा भरलेले होते. पुढचं लेबल अस्सल, पण झाकणावरचा बॅच नंबर आणि डब्याच्या अंगावरचा नंबर वेगळा. खात्रीला आम्ही एक साधी चाचणी केली. सारख्या दोन काचेच्या बाटल्या, एकीत खात्रीचं ऑइल, दुसरीत संशयातलं, वर सारखीच हवेची जागा. दोन्ही तासभर एकाच पाण्यात ठेवून एकदम उलट्या केल्या. संशयातल्या बाटलीतला बुडबुडा सरसर वर गेला. या चाचणीत पातळपणा दिसतो, क्लचची पकड दिसत नाही, हेही सांगायला हवं. व्यापाऱ्यानं माल परत घेतला नाही. आम्ही मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाला प्लेटी आणि ऑइल दुकानाच्या खर्चानं घातलं. दोन गडी कमी करावे लागले, उधारी तुंबली, आणि मामांनी आपला वाटा काढून घेतला. त्यांचा दोष नव्हता, त्यांनाही लेथचे हप्ते होते.

त्या हंगामात एकच माणूस हलला नाही. कणकुंबीचे काका, जिथे मलप्रभा उगम पावते तिथले. आरएक्सपासूनचं गिऱ्हाईक. त्यांनी एवढंच म्हटलं, ‘प्लेटी घाला, ऑइल त्याच जातीचं अस्सल घाला. बघू या की.’ त्यांच्याकडे एक वही असते. किलोमीटर नाही, तास लिहितात. किती तास चालली, किती मिली वरून घातलं, काढताना रंग कसा, वास कसा. पेट्रोलचा वास आला का, हेही लिहितात, कारण पेट्रोल मिसळलेलं ऑइल पातळ पडतं आणि पातळी वाढलेली दिसते. लोकांना वाटतं ऑइल खात नाही. त्या वहीवरून आम्ही आमचे तास ठरवले : शर्यतीची ४५० असेल तर ५-६ तास, रानवाटेला १५ तास, रोज फिरणारी आणि रविवारी चिखलात जाणारी गाडी असेल तर २५०० किलोमीटर. मॅन्युअल याहून कमी सांगत असेल तर मॅन्युअल खरं.

त्या प्रसंगानंतर दुकानात नियम झाला : डब्याची मागची बाजू गिऱ्हाइकासमोर वाचायची. जासो एमए म्हणजे ओल्या क्लचला चालणारं, एमए-२ म्हणजे त्यातही पकड जास्त, एमबी म्हणजे पकड कमी, ते गिअर नसलेल्या स्कूटरचं. हे जासो टी ९०३ मानक मुळात १९९८ सालचं. नोंदलेल्या ऑइलवर चौकटीत ही अक्षरं आणि त्यांच्या वर नोंदणीचा क्रमांक छापलेला असतो. नुसतं ‘एमए-२ च्या तोडीचं’ असं वाक्य असेल तर आम्ही घेत नाही. याच मानकात फॉस्फरस ०.०८ ते ०.१२ टक्के असायला लागतो, तो कॅम आणि गिअरच्या दातांना झिजेपासून वाचवतो. कारच्या ऑइलात कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी (धूर स्वच्छ करणाऱ्या भागासाठी) तो कमी केलेला असतो.

ग्रेडचं म्हणाल तर आधी मॅन्युअल. एक्सपल्सला १०डब्ल्यू-३०, हिमालयन ४११ ला १५डब्ल्यू-५०, केटीएम ३९० ॲडव्हेंचरला १५डब्ल्यू-५०. पहिला आकडा थंडीचा. बेळगावच्या थंडीत ५, १० की १५ यानं सकाळी सुरू होण्यात फरक पडत नाही, त्यावर पैसे घालू नका. दुसरा आकडा गरम ऑइलाच्या जाडीचा, तो आपल्या कामाचा. मात्र १०डब्ल्यू-३० च्या गाडीत ‘उन्हाळा आहे’ म्हणून २०डब्ल्यू-५० ओतणं चूक आहे : जाड ऑइल वर कॅमपर्यंत उशिरा पोचतं आणि ते ढवळण्यात ताकद जाते.

‘फुल्ली सिंथेटिक’ या शब्दालाही भुलू नये. कच्च्या तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून केलेलं ग्रुप तीनचं ऑइल आणि रसायनांपासून घडवलेलं पीएओ किंवा एस्टर, दोन्ही याच नावानं विकली जातात. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या जाहिरात-तंट्याच्या निकालापासून ही वाट मोकळी झाली. १५ तासांनी ऑइल बदलणाऱ्याला ग्रुप तीनचं अस्सल एमए-२ पुरतं. एस्टरचे पैसे शर्यतीच्या इंजिनात वसूल होतात. महाग ऑइल घालून ३० तास ओढण्यापेक्षा मध्यम ऑइल १५ तासांनी बदललेलं बरं. कुणी विचारलं नाही तरी आम्ही हे काउंटरवर सांगतोच.

ऑइल बदलताना इंजिन तीन-चार मिनिटं गरम करा, गाडी सपाट उभी करा, बोल्ट काढून दहा मिनिटं गळू द्या. जाळी धुवा. फिल्टरची ओ-रिंग आणि बोल्टचा वॉशर नवा घ्या. बोल्ट टॉर्क पान्यानंच आवळा; मॅन्युअलमध्ये बहुधा २० ते २५ न्यूटन-मीटर असतं, आणि लांब पान्यावर जोर दिला की ॲल्युमिनियमचे आटे जातात, मग पुन्हा लेथ. मापापेक्षा १०० मिली कमी ओता, तीन मिनिटं चालवा, पाच मिनिटं थांबा, पातळी बघून उरलेलं घाला. जास्त झालं तर क्रँक ते फेसाळतो आणि ब्रीदरवाटे (इंजिनच्या हवा सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टर भिजतो. जुन्या गाडीत सिंथेटिक घातल्यावर कुठे पाझरलं तर सील आधीच कडक झालेला असतो, सील बदला.

पावसाळ्यात ओढ्यात गाडी बुडाली आणि ऑइल दुधाळ झालं तर सुरूच करू नका. आधी काढा, त्याच ग्रेडचं स्वस्त एमए ऑइल घालून पाच मिनिटं चालवा, काढा. अजून दुधाळ असेल तर पुन्हा. डिझेल किंवा रॉकेलनं धुऊ नका. ते कोपऱ्यात राहतं आणि नव्या ऑइलाला पातळ करतं. पाण्यात न जाताही दुधाळ आलं, तर पाण्यावर थंड होणाऱ्या गाडीत वॉटर पंपाचा सील बघा.

काढलेलं ऑइल आम्ही पुनर्प्रक्रिया करणाऱ्या परवानाधारकाला देतो, गटारात किंवा कुंपणाच्या खांबावर ओतत नाही. कणकुंबीचे काका आपलं जुनं ऑइल डब्यात भरून परत आणतात, डब्यावर तासांचा आकडा खडूनं लिहिलेला असतो. मागच्या वेळी तो १४ होता, आणि चुंबकावर पेस्ट करडी आणि मऊ होती.