डिस्चार्ज कार्डावर नसलेल्या गोष्टी: घरच्या पॅलिएटिव्ह नर्सिंगचा माझा अनुभव

मी घरोघरी जाऊन पॅलिएटिव्ह नर्सिंग करते, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणारी सेवा. बरा न होणारा कर्करोग असलेला किंवा हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंडं थकत चाललेला रुग्ण घरी आला की पुढचं कसं निभेल, हे बरंचसं पहिल्या तीन दिवसांत ठरतं. या दिवसांत त्याला घाईघाईने परत कॅज्युअल्टीत नेलं जातं, त्यामागे आजार वाढलेला असतोच असं नाही. रात्री कळ उठते आणि जादा डोस किती द्यायचा हे कुणालाच ठाऊक नसतं. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, तुंबतो. आठवडाभर पोट साफ झालेलं नसतं. यातलं बरंचसं टाळता येतं, पण त्याची तयारी वॉर्डातून निघण्याआधी व्हायला हवी.

कार्डावर औषधांची यादी असते, पण शेवटचा डोस किती वाजता दिला हे बहुधा नसतं. चार-चार तासांनी द्यायच्या औषधात नेमकं तेच लागतं, म्हणून मी ते ड्युटीवरच्या सिस्टरला विचारून कार्डावरच लिहून घेते. दुसरा प्रश्न: जुन्यांपैकी कोणती औषधं बंद केली? घरात आधीच्या गोळ्यांचा डबा असतो आणि इस्पितळातून नवी पिशवी येते. नावं वेगळी, आतलं औषध एकच. पॅरासिटामॉल असं नकळत दुप्पट होतं. मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅम ही वरची मर्यादा, आणि अंगावर मांस न उरलेल्या किंवा यकृत बिघडलेल्या रुग्णाला त्याहून कमी. म्हणून जुना डबा आणि नवी पिशवी शेजारी ओतून, घटक वाचत एकच तक्ता करायचा. कोलेस्टेरॉलच्या गोळीसारखी, फायदा वर्षांनी दिसणारी औषधं आता चालू ठेवायची का, हेही त्याच वेळी डॉक्टरांना विचारून घ्यावं.

मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकाबद्दल घरच्यांच्या मनात भीती असते. ती समजावून जाते त्यापेक्षा आकडे हातात दिल्यावर लवकर जाते. आधी असं औषध न घेतलेल्याला साधारण २.५ ते ५ मिलिग्रॅम तोंडाने दर चार तासांनी, ही नेहमीची सुरुवात. गुण अर्ध्या तासात जाणवू लागतो आणि सुमारे चार तास टिकतो. ‘दुखलं तर द्या’ असं सांगितलं की हमखास घोळ होतो. कळ पूर्ण चढल्यावर तेवढाच डोस पुरत नाही, त्यामुळे घड्याळ लावूनच द्यायचं. मधेच उठणाऱ्या कळेसाठीचा जादा डोस दिवसभराच्या एकूण मात्रेच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढा असतो. १० मिलिग्रॅम सहा वेळा म्हणजे दिवसाचे ६०, म्हणून जादा डोस १०. तो दिल्यावर पुढचा नेहमीचा डोस टाळायचा नाही, ही चूक सगळ्यांत जास्त दिसते. दिवसात तीनपेक्षा जास्त जादा डोस लागले तर मूळ मात्रा कमी पडते आहे, डॉक्टरांना कळवायचं.

सुरुवातीची ग्लानी आणि मळमळ काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही, शरीराला तिची सवय होत नाही. त्यामुळे मॉर्फिनच्या पहिल्या डोसासोबतच रोज सेन्ना किंवा बिसाकोडिल यांसारखं सारक सुरू करायचं. नुसत्या इसबगोलावर राहू नये. पाणी कमी पिणाऱ्या, पडून असलेल्या माणसाच्या पोटात त्याचा गोळा होऊ शकतो. इथे एक फसवं लक्षण आहे. आठवडा कोरडा गेल्यावर अचानक पातळ संडास झिरपू लागते. घरचे जुलाब समजून सारक थांबवतात आणि आत अडकलेला कडक मळ आणखी घट्ट होतो. गुदद्वारात बोट घालून तपासल्याशिवाय जुलाब थांबवणारी गोळी देऊ नये.

मूत्रपिंडं बिघडलेली असतील तर मॉर्फिनचे अंश शरीरात साचतात. रुग्ण झोपेतून उठत नाही, हातपाय झटके देतात. हे दिसलं की फोन आधी, पुढचा डोस नंतर. फेंटानिल या वेदनाशामकाच्या, कातडीवर चिकटवायच्या पट्टीचं गणित वेगळं. पूर्ण असर यायला बारा तास किंवा जास्त लागतात, पट्टी ७२ तासांनी बदलायची, जुनी काढल्याशिवाय नवी लावायची नाही. तिच्यावर शेक देणं धोक्याचं, कारण उष्णतेने औषध भराभर आत जातं. जोराच्या तापातही तेच होतं.

गिळणं थांबलं की शीर शोधत बसण्याची गरज नसते. बारीक बटरफ्लाय सुई गळ्याच्या हाडाखाली, दंडावर किंवा पोटाच्या कातडीखाली बसवता येते. सूज असलेली जागा टाळायची, लालसरपणा किंवा गाठ दिसली की सुई हलवायची. मॉर्फिन, हॅलोपेरिडॉल (मळमळ, गोंधळावर), मिडॅझोलम (तळमळ शांत करणारं) असं कातडीखाली चालतं, डायझेपाम चालत नाही, ते झोंबतं. तोंडाची मात्रा जशीच्या तशी टोचायची नसते. कातडीखालचं मॉर्फिन साधारण निम्मं किंवा त्याहून कमी लागतं.

रुग्ण अचानक तळमळू लागला, कपडे ओढू लागला, तर झोपेचं औषध मागण्याआधी ओटीपोटावर हात ठेवून बघावं. तुंबलेली लघवी हे तळमळीचं नेहमीचं कारण आहे. कॅथेटर असेल तर नळीला पीळ पडलाय का, अंगाखाली दबलीय का, पिशवी मूत्राशयापेक्षा खाली आहे का, एवढं बघितलं तरी अनेक फोन वाचतात.

कूस दर दोन तासांनी बदलायची, पण सरळ कुशीवर नाही. पाठीमागे उशी देऊन ३० अंश कलतं ठेवलं की खुब्याच्या हाडावर भार येत नाही. टाचा पोटरीखालच्या उशीने अधांतरी ठेवाव्यात. लाल झालेली जागा चोळू नये. दुर्गंधी येणाऱ्या जखमेवर मेट्रोनिडॅझोल या जंतुनाशक गोळीची बारीक पूड टाकतात. ड्रेसिंग चिकटलं असेल तर सलाईनने भिजवून मगच सोडवायचं, आणि दुखरं ड्रेसिंग असेल तर अर्धा तास आधी जादा डोस.

धाप लागली की लगेच ऑक्सिजन आणायची धावपळ होते. रक्तात ऑक्सिजन पुरेसा असेल तर सिलिंडरचा वेगळा उपयोग फारसा होत नाही. चेहऱ्यावर छोट्या पंख्याचा झोत, पुढे झुकून टेबलावर टेकलेले हात आणि डॉक्टरांनी ठरवलेला मॉर्फिनचा लहान डोस यांनी जास्त आराम पडतो.

आता परिणाम मोजायचा कसा? इस्पितळाच्या तक्त्यात किती दिवस भरती, किती पुन्हा भरती, किती मृत्यू, एवढंच असेल तर घरच्या सेवेचं काही कळत नाही. मी एडमंटनची, म्हणजे कॅनडातल्या त्या शहराच्या नावाची, तक्रारी मोजण्याची तक्तावजा पद्धत वापरते. १९९१मध्ये मांडलेल्या या पद्धतीत वेदना, थकवा, मळमळ, धाप अशा तक्रारींना ० ते १० गुण रुग्ण स्वतः देतो. खाली मी तीन गोष्टी जोडते: झोप किती, शेवटची संडास कधी, जादा डोस किती. तीन दिवसांत वेदना ४च्या खाली आली नाही तर योजना बदलायची. या सेवेने आयुष्य कमी होतं असा समज अजून आहे. २०१०च्या एका गाजलेल्या चाचणीत पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांपैकी ज्यांना सुरुवातीपासून ही सेवा जोडून दिली ते बरे जगलेच, शिवाय जास्त जगले: मध्यगा (अर्धे रुग्ण जिथवर जगले तो काळ) ११.६ महिने, सेवा न जोडलेल्यांत ८.९.

पुन्हा भरती म्हणजे नापास, असंही मी धरत नाही. कंबर-पाठीत पट्ट्यासारखी नवी कळ, पायांतली ताकद जाणं, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, ही मणक्यात मज्जारज्जू दबल्याची लक्षणं असू शकतात. त्याच दिवशी न्यायचं, उशीर झाला तर पाय परत मिळत नाहीत. हाडांत पसरलेल्या कर्करोगात अचानक गोंधळलेपणा, खूप तहान, उलट्या, कोरडी बद्धकोष्ठता दिसली तर रक्तातलं कॅल्शियम तपासावं, ते औषधाने उतरवता येतं. नेमकं काय दिसल्यावर न्यायचं आणि काय दिसल्यावर घरीच राहायचं, हे रुग्ण बोलता असताना त्यालाच विचारून तक्त्याच्या मागे लिहून ठेवते, खाली रात्रीचा फोन नंबर.