चेंबरमधली गोळी

टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून, कायद्याने बंदी नसलेल्या एकवीस वर्षांवरील व्यक्तीला परवान्याशिवायही कपड्यांआड पिस्तूल बाळगता येते. तरीही मी परवान्याचा वर्ग रीतसर पूर्ण केला आणि ३, ७ व १५ यार्डांवरून मिळून ५० गोळ्या झाडण्याची परीक्षाही दिली. कमरेला पिस्तूल लावताना चेंबरमध्ये, म्हणजे नळीमागच्या ज्या जागेतून गोळी झाडली जाते तिथे, गोळी असावी की केवळ मॅगझिन, म्हणजे मुठीतली गोळ्यांची पेटी, भरलेली असावी, हा प्रश्न मात्र मला घरी आल्यावर पडला.

गोळी असावी म्हणणारे साल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांच्या १९८३ सालच्या लेखाचा दाखला देतात: २१ फुटांवरचा सुरीधारी माणूस साधारण दीड सेकंदात अंगाशी येतो. एवढ्या वेळात पिस्तूल काढून स्लाइड, म्हणजे गोळी चेंबरमध्ये आणणारा वरचा सरकता भाग, ओढायची, तर दोन्ही हात मोकळे हवेत, आणि माझा डावा हात बहुधा मुलीने धरलेला असतो. चेंबर रिकामे ठेवून, पिस्तूल उपसतानाच स्लाइड ओढण्याची इस्रायली पद्धत आहे खरी. पण ती अंगवळणी पडायला जो सराव लागतो, तो महिन्यातून एकदा नेमबाजीच्या रेंजवर जाणाऱ्याच्या नशिबी नाही.

उलट बाजूला २०१४ च्या डिसेंबरात आयडाहोतील हेडन येथे घडलेली घटना आहे. दुकानात आईच्या पर्समधले पिस्तूल दोन वर्षांच्या मुलाच्या हाती लागले आणि त्यातून सुटलेल्या गोळीने ती गेली. चेंबर रिकामे असते, तर त्या चिमुकल्या हातांना स्लाइड ओढता आली नसती. म्हणूनच पर्समध्ये किंवा होल्स्टरशिवाय, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानाशिवाय, नुसते कमरेला खोचून भरलेले चेंबर बाळगणे मला मुळीच मान्य नाही. ग्लॉकसारख्या पिस्तुलाला अंगठ्याने लावायचा सुरक्षा-खटका नसतो. ट्रिगर पूर्ण झाकणारे कडक होल्स्टर हाच त्याचा बाहेरचा सुरक्षा-खटका, आणि पिस्तूल परत आत सारताना जॅकेटची नाडी ट्रिगरमध्ये अडकली, तर तोही कुचकामी ठरतो.

मीही सुरुवातीला घाबरून रोज रात्री चेंबर रिकामे करीत असे आणि सकाळी तीच गोळी पुन्हा भरीत असे. काही आठवड्यांनी ती नव्या गोळीशेजारी टेबलावर उभी केली, तेव्हा ती किंचित बुटकी दिसली. पितळी कडेवर ओरखडेही होते. पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये आदळल्याने गोळीचे टोक काडतुसात मागे सरकते आणि झाडताना दाब धोकादायक वाढू शकतो. शिवाय आधी मॅगझिन काढायचे विसरून स्लाइड ओढली, की एक गोळी बाहेर पडते आणि दुसरी आत जाते, आणि आपण मात्र चेंबर रिकामे समजून बसतो.

आता मी चेंबर भरलेलेच ठेवतो, पण पिस्तुलाला हात लावत नाही: होल्स्टरसकट ते कमरेवरून उतरते आणि तसेच कुलपाच्या पेटीत जाते. ती बुटकी गोळी रेंजवरच्या निकामी काडतुसांच्या डब्यात टाकून आलो.