जत पूर्व भाग: माझ्या कामांचा क्रम आणि त्यामागची कारणे

सांगली जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत जत तालुक्याच्या पूर्व भागातील एका गटातून मी उमेदवार म्हणून उभा आहे. गावात दूध संकलन केंद्र चालवत असल्यामुळे सकाळ-संध्याकाळ माणसांची गाठ पडते, आणि उमेदवारीची बातमी पसरल्यापासून दूध घालून झाल्यावरही बरेच जण थांबून, निवडून आलो तर आधी काय करणार, असे विचारतात. उभ्या उभ्या दिलेले उत्तर अपुरे राहते, म्हणून कामांचा क्रम आणि त्यामागची कारणे येथे सविस्तर लिहीत आहे.

नवे काही उभारण्याआधी जे उभे आहे ते चालते करणे, हे मी पहिले काम मानतो. आमच्या भागात पाण्याच्या टाक्या आहेत, पाझर तलाव आहेत, आरोग्य उपकेंद्रांच्या आणि शाळांच्या इमारती आहेत. पण टाकीत पाणी नाही, तलावाला गळती आहे, उपकेंद्राला कुलूप आहे आणि शाळेत शिक्षक अपुरे आहेत. नव्या इमारतीसाठी निधी मिळतो आणि तिचे उद्घाटनही होते. जुनी इमारत रोज उघडी राहावी यासाठी मात्र दर महिन्याला कोणीतरी मागे लागावे लागते. सदस्याचे खरे काम हे मागे लागण्याचे आहे, असे मला वाटते.

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न म्हैसाळच्या पाण्याचा असतो, म्हणून त्याविषयी आधी स्पष्ट बोलतो. मिरज तालुक्यात म्हैसाळ येथे कृष्णेचे पाणी उचलून ते टप्प्याटप्प्याने कवठेमहांकाळ आणि जतकडे आणणारी ही योजना महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळाच्या, म्हणजे राज्य शासनाच्या अखत्यारीत आहे. मूळ योजनेतून वंचित राहिलेल्या जतमधील ६५ गावांसाठी विस्तारित योजना आखली गेली. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या चाळीस गावांवर हक्क सांगितला आणि सीमाभागातील पाण्याचा प्रश्न एकाएकी सगळ्या महाराष्ट्राच्या चर्चेत आला. पाणी मिळत नसेल तर कर्नाटकात जाऊ, असे ठराव त्याच्या दहा वर्षे आधीच, २०१२ साली, इथल्या ग्रामपंचायतींनी केले होते. लोक ज्या मातीत जन्मले ते राज्य सोडण्याची भाषा पाण्यासाठी करतात, यातले दुःख मी जवळून पाहिले आहे. तरीही या योजनेचा एक पंपसुद्धा जिल्हा परिषदेच्या सदस्याच्या हातात नसतो. म्हैसाळचे पाणी मी आणीन, असे आश्वासन देऊन मते मागणे मला मान्य नाही. त्यासाठी आमदार, खासदार आणि मंत्री यांच्याकडे जावे लागेल आणि त्या शिष्टमंडळात मी असेन, पण ते माझ्या अधिकारातले काम म्हणून सांगणार नाही.

ते पाणी आल्यावर साठवायचे कोठे, हा प्रश्न मात्र आपल्या हातातला आहे आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. १९७२ च्या दुष्काळात आपल्या वडीलधाऱ्यांनी माती वाहून जे पाझर तलाव बांधले, त्यांतले बरेचसे आज गाळाने भरले आहेत. कोठे सांडवा फुटलेला आहे, कोठे भरावावर वेड्या बाभळी वाढून मुळांनी वाटा केल्या आहेत. वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आपल्या भागात दोन मोठ्या पावसांत जे काही वाहून येते ते याच तलावांत अडायला हवे. लहान तलावांची दुरुस्ती हा जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाचा विषय आहे, आणि २०१७ साली सुरू झालेल्या गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेतून गाळ काढून तो शेतात टाकण्याची सोयही आहे. गटातील प्रत्येक तलावाची पाहणी पहिल्याच उन्हाळ्यात करून कोणत्या तलावाला काय झाले आहे याची नोंद ग्रामसभेसमोर ठेवणे, आणि सर्वाधिक गळती असलेल्या तलावापासून दुरुस्तीला सुरुवात करणे, हे माझ्या क्रमातले पहिले काम आहे.

याला जोडून एक आग्रह आहे, जो सर्वांना आवडेलच असे नाही. तलावात पाणी आले की काठावरच्या मोटारी चालू होतात आणि फेब्रुवारीत तळ दिसतो. तलाव भरण्याआधीच ग्रामसभेने पिण्यासाठी आणि जनावरांसाठी पाण्याची पातळी ठरवून घ्यावी आणि त्याखाली कोणीही उपसा करू नये, असे मला वाटते. हा विचार आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. खानापूर तालुक्यात बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी येरळा नदीवर बळीराजा धरण बांधले, तेव्हा ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्यालाही पाण्यात वाटा असावा, हे तत्त्व मानले होते. आटपाडीच्या पाणी परिषदांमधून क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी आणि त्यांचे सहकारी समन्यायी वाटपाची हीच मागणी वर्षानुवर्षे मांडत राहिले. शिवाय उपसा योजनेचे पाणी फुकट येत नाही. विजेच्या बिलापैकी ८१ टक्के शासन आणि १९ टक्के लाभधारक, असे सूत्र आहे. ज्या पाण्याचे पैसे गाव भरणार, त्याचा हिशेबही गावाने आधीच करून ठेवलेला बरा.

पिण्याच्या पाण्याची स्थिती अधिक अवघड आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने देण्याचे ठरले. दोन हजार वस्तीच्या गावाला त्या हिशेबाने रोज १ लाख १० हजार लिटर पाणी लागते. नळ बसले आणि टाकीही झाली, पण पाणी जिथून यायचे ती बोअर मार्चमध्ये दगा देते. आमच्या गावात पाणी सोडणारा माणूस पहाटे मोटार चालू करतो, थोड्याच वेळात पाण्याबरोबर हवा येऊ लागते, तो मोटार बंद करून बोअर पुन्हा भरण्याची वाट पाहत बसतो, आणि टाकी अर्धी होईपर्यंत सूर्य डोक्यावर आलेला असतो. जे पाणी सुटते ते गावठाणात संपते. माळावरच्या वस्त्यांवरचा नळ कोरडाच राहतो आणि तिथल्या बायका पुन्हा घागर घेऊन शेजाऱ्याच्या विहिरीवर जातात. मग टँकर मागावा लागतो, आणि टँकरचा निकष माणशी २० लिटरचा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेचा महापूर घरांत शिरला होता, त्याच दिवसांत जिल्ह्याच्या पूर्व भागात टँकर चालू होते, ही गोष्ट मी कधीही विसरणार नाही.

यावर उपाय स्रोताजवळ आहे. पाणीपुरवठ्याच्या विहिरीच्या किंवा बोअरच्या वरच्या अंगाला नाला बंडिंग, म्हणजे नाल्यात बांध घालून पाणी अडवणे, आणि भूजल पुनर्भरणाची कामे झाली तर तिचे पाणी उन्हाळ्यात अधिक काळ टिकते; शिवाय सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही, असा कायदा महाराष्ट्रात १९९३ पासून आहे. हा नियम आपल्याकडे किती पाळला जातो हे प्रत्येक गावाला ठाऊक आहे. कोणाच्या शेतातली चालू बोअर बंद करा, असे मी म्हणणार नाही. यापुढे त्या वर्तुळात नवी बोअर होऊ नये, यासाठी मात्र ग्रामपंचायतीच्या पाठीशी उभा राहीन, मग ती बोअर माझ्या भावकीतली असली तरी. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतील मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी राखीव होता. अशा बंधित निधीतून नवी पाइपलाइन टाकण्याऐवजी स्रोत बळकट करण्याचे काम आराखड्यात पुढे घ्यावे, हा माझा आग्रह राहील.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतील मुलांचा विषय मी पाण्याच्या लगेच खाली ठेवतो, आणि त्याचे कारण माझ्या केंद्रातील नोंदवहीत आहे. दिवाळीच्या सुमाराला त्या वहीतली नावे बदलू लागतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी टोळीबरोबर कारखान्यांकडे निघतात. जाण्याच्या आदल्या दिवशी कोणीतरी येऊन सांगते, ‘अण्णा, म्हस म्हातारीकडं ठेवून चाललोय, बिल तिच्याच हातात द्या.’ म्हैस मागे राहते, आणि सात-आठ वर्षांची मुलगी मात्र धाकट्या भावाला सांभाळायला आईबरोबर फडात जाते. मार्चअखेरीस ती परत येते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो.

या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मूल आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहते आणि त्याच्या जेवणाची सोय गावातच होते. योजना चांगली आहे, पण तिचे यश वेळेवर अवलंबून आहे. टोळ्या निघण्याआधी यादी आणि मंजुरी झाली नाही, तर नंतर मंजूर झालेल्या वसतिगृहात ठेवायला मूलच गावात उरत नाही. सप्टेंबरमध्ये घरोघरी यादी, ऑक्टोबरच्या सुरुवातीला मंजुरी आणि पहिली टोळी हलण्याआधी पहिले जेवण, हे वेळापत्रक पाळले जावे यासाठी मी शिक्षण विभागाकडे दर आठवड्याला विचारणा करीन. यादी करण्यासाठी शिक्षकांबरोबर वस्त्यांवर फिरायला मी स्वतः तयार आहे, कारण कोणते घर कोणत्या मुकादमाकडे जाणार हे दूध केंद्रावर सर्वांत आधी कळते.

आपल्या भागात जिल्हा परिषदेच्या मराठी आणि कन्नड अशा दोन्ही माध्यमांच्या शाळा आहेत. ज्या शाळेचे जे माध्यम आहे त्या भाषेत शिकवू शकणारा शिक्षक तिथे असावा, इतकी साधी अपेक्षा बाळगायलाही सदस्याला दरवर्षी बदल्यांच्या काळात जागे राहावे लागेल. घरात कन्नड बोलणारे मूल पहिलीत घाबरून गप्प बसते, त्याला त्याच्या भाषेत दोन शब्द बोलणारा शिक्षक मिळाला की ते टिकते.

आरोग्याबाबत माझी मागणी माणसांची आहे. सपाट भागात ३० हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५ हजारांना एक उपकेंद्र, हा निकष लोकसंख्येवर बेतलेला आहे. आपल्याकडे वस्त्या विखुरलेल्या असल्यामुळे तेवढ्याच लोकसंख्येसाठी अंतर कितीतरी अधिक पडते. शेवटच्या गावांपासून सांगली शंभर किलोमीटरहून दूर आहे, म्हणून अवघडलेली बाई किंवा साप चावलेला माणूस घेऊन लोक विजापूरकडे धाव घेतात आणि तिथल्या खासगी दवाखान्याचे बिल भरण्यासाठी जनावर विकतात. अशी विकलेली जनावरे मला माझ्या वहीत दिसतात. रात्रीच्या वेळी केंद्रात डॉक्टर किंवा परिचारिका मुक्कामी असणे, सर्पदंशावरची लस साठ्यात असणे आणि १०८ ची गाडी सांगोवांगी नव्हे तर खरोखर कोणत्या गावी उभी असते हे लोकांना माहीत असणे, या तीन गोष्टी नव्या इमारतीशिवाय होऊ शकतात. मुक्कामासाठी निवासस्थान नीट नसेल तर त्याची दुरुस्ती आधी केली पाहिजे. पावसात गळणाऱ्या खोलीत कोणी कुटुंब घेऊन राहणार नाही.

रस्त्यांविषयी फार लिहीत नाही. मागणी सगळीकडून आहे आणि पैसा मर्यादित आहे. ज्या वस्तीवरून पावसाळ्यात शाळेची मुले आणि दुधाची गाडी बाहेर पडू शकत नाही, तिचा रस्ता आधी, एवढाच माझा नियम राहील. जनावरांच्या दवाखान्यातील रिक्त पदांचा पाठपुरावाही करायचा आहे; २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा लशीची वाट पाहत गोठ्यात बसलेली माणसे मी पाहिली आहेत.

मार्च २०२२ मध्ये सदस्यांची मुदत संपल्यावर जिल्हा परिषदेचा कारभार प्रशासकांकडे गेला आणि तो दीर्घकाळ तिथेच राहिला. त्या काळात गावातली तक्रार सभागृहात मांडणारे कोणी नव्हते. निवडून गेलो तरी मी साठेक सदस्यांमधला एक असेन, आणि कृष्णाकाठच्या सुपीक तालुक्यांचा आवाज त्या सभागृहात मोठा असतो, याची मला जाणीव आहे. म्हणून मी दर तीन महिन्यांनी प्रत्येक गावाच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर एक कागद लावीन. त्यावर त्या गावाचा तलाव, पाण्याचा स्रोत, वसतिगृहाची यादी आणि आरोग्य केंद्रातील भरलेली व रिकामी पदे यांची स्थिती, मी कोणत्या तारखेला कोणत्या विभागाला पत्र दिले आणि त्याचे काय उत्तर आले, एवढे लिहिलेले असेल. कन्नड वाचणाऱ्या गावांत तोच कागद कन्नडमध्येही लागेल. पहिला कागद तलावांच्या पाहणीचा असेल, आणि त्या पाहणीला ज्यांना बरोबर यायचे आहे त्यांनी आपल्या गावातील तलावाचे १९७२ चे काम आठवणारी वडीलधारी माणसे बरोबर आणावीत, कारण भरावाखाली कोठे खडक लागला होता आणि कोठे नुसती माती टाकली होती, हे त्यांनाच माहीत आहे.