लाल पेनाने खोडलेला ‘शे’

२४ डिसेंबर, अमळनेर तालुका

गोधडी पांघरून लिहितेय. दापोलीहून निघताना सगळ्यांनी मला खानदेशातल्या उन्हाचीच भीती घातली होती. तिकडे पारा ४५ वर जातो, डोक्याला रुमाल बांधल्याशिवाय बाहेर पडू नकोस. थंडीबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. पहाटे नळाखाली भांडी घासताना बोटं बधिर होतात. घरमालकीण मावशी चुलीपाशी बोलावतात, कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी ताटात टाकतात आणि रोज इथल्या अहिराणी बोलीत तेच विचारतात, “जेवन व्हयनं का, बेटा?” समोर जेवायला बसलेलीच असते मी. हा प्रश्न पोटापुरता नसतो, हे कळायला मला महिना लागला.

आज साने गुरुजींची जयंती. ते दापोली तालुक्यातल्या पालगडचे, आमच्या घरापासून फार लांब नाही. १९२४ मध्ये ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले आणि १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. त्या सहा वर्षांत छात्रालयातल्या मुलांसाठी त्यांनी हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ चालवलं. लहानपणापासून गुरुजींच्या मायेबद्दल ऐकत आले, पण इथे आल्यापासून माझ्या मनात तो हाताने लिहिलेला कागदच जास्त घोळतोय. दिवसभर शिकवून, मुलांचं आजारपण काढून रात्री पुन्हा त्यांच्यासाठी लिहायला बसायचं, याला काय लागतं ते आता थोडंफार समजतंय.

आमची अभ्यासिका समाजमंदिरात भरते. आठवी ते दहावीची अठरा-वीस मुलंमुली. सुरुवातीला मी वेळ पाचची ठेवली होती. पाचला चार जण यायचे. बाकीचे कुठे असतात हे विचारण्याऐवजी मी वाट बघत बसायचे आणि मनातून खट्टू व्हायचे. ऑक्टोबरपासून इथे कापसाची वेचणी सुरू होते. मजुरी किलोवर, म्हणून घरातले जितके हात मिळतील तितके वावरात जातात. शाळा सुटली की मुलंही जातात. संध्याकाळी वजन झाल्याशिवाय कुणी घरी येत नाही. मग वेळ साडेसातची केली आणि समाजमंदिर भरलं. एवढी साधी गोष्ट.

खरं लिहायचंय ते दुसरंच.

ऑक्टोबरमध्ये मी सगळ्यांना ‘माझं घर’ यावर दहा ओळी लिहायला सांगितल्या. नववीतल्या एका मुलाने तीनच लिहिल्या. “मन्ही माय वावरमा शे. तिना हात फाटी जातस. तरी ती हासस.” मी लाल पेन काढला. ‘मन्ही’वर ‘माझी’, ‘वावरमा’वर ‘शेतात’, ‘शे’ खोडून ‘आहे’. सात दुरुस्त्या केल्या आणि खाली लिहिलं, शुद्ध लिही. त्याने कागद बघितला, चार घड्या घालून खिशात ठेवला. त्यानंतर महिनाभर त्याने वहीत एक अक्षर लिहिलं नाही. रोज यायचा, दाराजवळ बसायचा. मुलगा आळशी आहे, असं मी याच रोजनिशीत लिहून ठेवलंय. ते पान आज परत वाचलं.

दिवाळीच्या सुट्टीत त्याच्या आईबरोबर वेचणीला गेले. कापूस मऊ असतो एवढंच मला माहीत होतं. बोंड उमललं की त्याच्या कवचाच्या पाकळ्या वाळून कडक होतात, टोकं सुईसारखी. कापूस ओढताना ती टोकं नखाच्या कडेला, अगदी मांसात शिरतात. तासाभरात माझ्या दोन्ही अंगठ्यांतून रक्त आलं. त्या माउलीच्या बोटांवर जुन्या-नव्या भेगांची जाळीच होती, काही भेगांत काळं साचलेलं. कमरेची ओटी भरत ती म्हणाली, “पोऱ्या घर लिखत ऱ्हास, ताई. तठे नही का लिखत?”

तिचे हात समोर होते. त्याने तेच लिहिलं होतं, आणि मी त्यातलं व्याकरण बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की चूक माझी होती. तो काही बोलला नाही, फक्त मान हलवली. मग आम्ही भिंतीवर कागद लावायला सुरुवात केली. आठवड्याला एक, ज्याला जसं येतं तसं, अहिराणीत की मराठीत हे ज्याने त्याने ठरवायचं. दोन आठवडे त्याचं काही आलं नाही. आज आलं. पूर्ण पान.

रात्रीच्या लाईटवर गव्हाला पाणी भरण्याबद्दल लिहिलंय. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. वडील दांडावर, म्हणजे पाण्याच्या पाटापाशी, हा पाण्याच्या मोटारीजवळ. एक कान सतत मोटारीकडे. लाईट गेली की सगळं इतकं गप्प होतं की लांबच्या टोकाला वडिलांनी नाक शिंकरलेलं ऐकू येतं, असं त्याने लिहिलंय. मुलींनी ते मोठ्याने वाचलं. माझ्या तोंडून ‘शे’चा उच्चार अजून नीट निघत नाही, म्हणून मी वाचलं नाही.

२६ डिसेंबर

एक काळजी मात्र आहे. दहावीच्या पेपरात ‘शे’ चालणार नाही. तिथे ‘आहे’च लागेल, आणि तो मी शिकवला नाही तर मुलांचं नुकसान होईल. परवापासून हेच डोक्यात होतं. आज त्यानेच येऊन लाल पेन मागितला. भिंतीवरचं त्याचं पान शेजारी कोऱ्या कागदावर मराठीत उतरवायला बसला. ‘वावर’ आला तिथे थांबला. “ताई, शेत लिखू का वावर?” मी म्हटलं, तुला काय वाटतं? त्याने बराच विचार केला आणि ‘वावर’च ठेवला.

अर्धं झाल्यावर उठला. आज लाईट दहाची होती. बॅटरी आणि कानटोपी घेऊन गेला, कागद माझ्याकडे ठेवून. आता दहा पस्तीस झालेत. दूर कुठेतरी मोटार चालू असल्याचा आवाज येतोय.